बोर्ली पंचतनची लग्नं आणि फोटोवाला

श्रीवर्धन तालुक्यातलं बोर्ली पंचतन हे आसपासच्या वाड्यांचं बाजाराचं गाव. तुळशीचं लग्न लागलं की इथे लग्नांना सुरुवात होते, पण खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये. मुंबईचे चाकरमानी सुट्टी काढून आलेले असतात, मुलांच्या शाळा बंद असतात आणि मिरगाच्या आधी सगळं उरकायचं असतं. एकाच तारखेला एखाद्या वाडीत घरापुढच्या मांडवात लग्न, मोहल्ल्यात निकाह, भरडखोलच्या कोळीवाड्यात हळद आणि दिवेआगरला एखाद्या रिसॉर्टवर पुण्या-मुंबईकडच्यांचं लग्न, असं सहज घडतं. गाडीने तासाभराच्या आत चारही ठिकाणी जाऊन येता येईल. कॅमेरा धरायची रीत मात्र चारही ठिकाणी वेगळी.

फोटोवाल्याशी बोलणी करताना पहिला प्रश्न निघतो तो माणसं किती येणार याचा आणि दुसरा पैशांचा. त्याच्याही आधी दोघांनी एकमेकांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या लग्नात घरच्यांचा जीव कशात आहे? कुणाचा हळदीच्या रात्रीत असतो, कुणाचा मुंबईहून आलेल्या भावंडांना एका चौकटीत बघण्यात, कुणाचा नोंदणीच्या नुसत्या सह्यांमध्ये. हे एकदा कळलं की कॅमेरे किती, माणसं किती, दिवस किती हे आपोआप ठरतं. ते न कळता चार कॅमेरे लावले तरी हवा तो फोटो निसटतो.

साडेबाराचं ऊन

आधी उजेडाचं बोलू, कारण कोकणातल्या दुपारच्या लग्नांत सगळ्यात जास्त फोटो तिथेच बिघडतात. बोर्ली पंचतन साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरली आहे, त्याच्या हा किनारा साडेनऊ अंश पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात साडेबारा वाजून जातात आणि दुपारचे मुहूर्त नेमके त्याच सुमाराचे असतात. वरून सरळ पडणाऱ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर येते, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात.

म्हणून मे महिन्यात मुहूर्तानंतर जोडप्याला अंगणात काढून फोटो घेऊ नयेत. ओटीच्या कडेला, छपराच्या सावलीत आणि तोंड उजेडाकडे करून उभं केलं तर समोरच्या अंगणावरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो. नवरीला घामाचा आणि शालूचा त्रास कमी होतो, हाही फायदा.

मांडवाच्या आत दुसरी अडचण असते. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांचे चेहरे लालसर करतं. फ्लॅश वर कापडावर मारला तर तोही लाल होऊनच खाली येतो. झावळ्यांचा मांडव असेल तर चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात. अर्धा गाल पांढराफटक, अर्धा काळा. याला एकच चांगला उपाय आहे आणि तो आदल्या दिवशीच करावा लागतो: मांडववाल्याला सांगून बोहल्याच्या वरच्या भागाला आतून साधं पांढरं कापड ठोकून घ्यावं. ते जमलं नाही तर बोहल्यावर पांढरा रुमाल धरून त्यावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावावा आणि फोटो रॉ फाइलमध्ये काढावेत, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तो वेग धरला की पट्टे बहुतेक जातात.

घरापुढचा मांडव

वाडीतल्या लग्नात पाहुणे पाचशे असले तरी कार्य घरचंच असतं. फोटोवाल्याने आदल्या दिवशी दुपारपासून यावं, हे मी आग्रहाने सांगेन. मुहूर्तमेढ, देवक, घाणा भरणं, बांगड्या भरणं हे सगळं स्टेजविना, माजघरात किंवा पडवीत होतं आणि घरच्या बायकांचे मोकळे चेहरे तिथेच मिळतात. दुसऱ्या दिवशी त्याच बायका पाहुण्यांच्या पाठी धावत असतात.

घाणा भरतानाचं उदाहरण घ्या. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली असतात, सवाशिणी मिळून ते धरतात, एका मुसळावर सात-आठ हात. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, एखाद्या हाताची कातडी सुरकुतलेली, एखाद्यावर ताजी मेंदी. माजघरात खिडकी एकच, तीही बारीक. इथे फ्लॅश मारला की भिंत पांढरी होते आणि खोली खोलीसारखी दिसत नाही. 35 मिलिमीटरची, मोठं तोंड उघडणारी लेन्स लावावी, आयएसओ 3200 पर्यंत बिनधास्त वाढवावा आणि खिडकीच्या बाजूला पाठ न करता तिच्या आडव्या अंगाला बसावं. थोडे दाणे दिसले फोटोत, तर दिसू द्यावेत. हातांचा फोटो काढून झाला की मग चेहरे. बायका गाणं म्हणत असतील तर ते संपेपर्यंत मध्ये बोलू नये.

वाडीच्या लग्नाचा खरा ठेवा म्हणजे ग्रुप फोटो. स्टेजवरची रांग आणि आहेर घेताना काढलेले फोटो मी यात धरत नाही. मुंबईकडे विरार, दिवा, नालासोपारा असं विखुरलेलं एक घराणं पाच-दहा वर्षांतून एकदा पूर्ण एकत्र येतं, ते लग्नाला. आणि त्यातले निम्मे लोक जेवण झालं की खासगी बस किंवा एसटी पकडून माणगावच्या वाटेला लागतात. म्हणून ग्रुप फोटो पंगतीनंतर ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते मुहूर्ताच्या आधी तासभर घ्यावेत किंवा अक्षता पडल्यावर लगेच, पहिली पंगत बसायच्या आत.

यादी फोटोवाल्याने नव्हे, घरच्यांनी करायची. आजोळ, आत्यांची कुटुंबं, काका-चुलत्यांचा सगळा गोतावळा, करवल्या, वाडीतले जुने शेजारी, नवऱ्याचे कामावरचे मित्र. एका ग्रुपला दोन मिनिटं धरली तरी 25 ग्रुपना 50 मिनिटं जातात. हे आधी सांगितलं तर भटजी आणि आचारी दोघेही वेळ सांभाळून घेतात. घरातली सगळ्यांना नावाने हाक मारू शकणारी एखादी काकू किंवा आत्या फोटोवाल्याच्या शेजारी उभी करावी. ती नावं पुकारते, माणसं येतात, रुसवे-फुगवे तिच्या नजरेत असतात. आणि वयस्कर माणसांना स्टेजवर चढवू नये. आजी ओटीवर बसली असेल तर नवरा-नवरीनेच तिच्याकडे जावं, तिच्या दोन बाजूंना बसावं. फोटोही तोच चांगला येतो.

अंतरपाट धरल्यावर

मंगलाष्टकं किती म्हणणार हे भटजींना आधी विचारून ठेवावं. पाच की सात, शेवटचं कोणतं, मध्ये कुणी आत्या-मावशी स्वतःचं रचलेलं म्हणणार आहे का, हे माहीत नसलेला फोटोवाला शेवटच्या क्षणी बॅटरी बदलत असतो.

उभं राहायची जागा अंतरपाटाच्या टोकाला, आडव्या बाजूला. तिथून पडद्याच्या अलीकडचा नवरा आणि पलीकडची नवरी दोघेही एका चौकटीत येतात. एक खाली बघतो, एक डोळे मिटते, मामा मागे उभा. समोरून काढलेल्या फोटोत नुसतं कापड येतं. अक्षता थेंबांसारख्या हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत न्यावं. त्यांच्या रेघा हव्या असतील तर साठाव्या भागावर. मला रेघांपेक्षा दाणे आवडतात, कारण त्यात लोकांचे वर गेलेले हातही स्पष्ट राहतात.

पाहुण्यांची या वेळची तक्रार सगळीकडे एकच असते: आम्हाला नवरा-नवरी दिसलीच नाहीत, फोटोवाल्यांच्या पाठी दिसल्या. ही तक्रार खरी आहे आणि फोटोवाल्यांनी ती मनावर घ्यायला हवी. समोर एका वेळी एकच माणूस, तोही गुडघ्यावर; व्हिडिओचा कॅमेरा मागे स्टँडवर. इतकं पाळलं तरी मांडव मोकळा होतो.

दुसरा कॅमेरा हाताशी असेल तर तो या वेळी बोहल्यापाशी ठेवू नका. अनेक घरांत मुलीच्या आईने मुलीचं लग्न लागताना बघायचं नाही अशी रीत आहे. ती मागच्या दारी तुळशीपाशी असते, तुळशीला पाणी घालते, आणि मांडवातून ‘सावधान’चा आवाज आणि मग वाजंत्री ऐकू येते. तिने ठेवून घेतला तर हा फोटो घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मात्र लांबूनच घ्यायचा, आणि तिला आधी विचारून.

हळदीची रात्र

कोळी आणि आगरी घरांत हळदीचं महत्त्व लग्नाच्या दिवसाइतकंच, कधी जास्त. बँड, बेंजो, नाच, जेवणावळ. इथे फोटोवाल्याला बाजूला उभं राहून चालत नाही. नाचणाऱ्यांत शिरावं लागतं, लेन्स रुंद हवी आणि शटर थोडं संथ, फ्लॅशचा झटका शटर मिटताना. हात-पाय हलते दिसतात, चेहरा मात्र थांबतो. जुन्या पिवळ्या बल्बखाली हळद आणि कातडी एकाच रंगाची होऊन बसते. व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनच्या आसपास आणला की हळद पिवळी आणि माणूस माणसाच्या रंगाचा दिसतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवावे लागतात, तेव्हा नाचाचं जे काही टिपायचं ते आठ ते दहामध्ये.

पण हळदीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती धवलारीण. विधी चालू असताना ती धवले म्हणते, बाकीच्या बायका मागून धरतात. आजकाल डीजेच्या आवाजात ते कुणाला ऐकूही येत नाहीत. ज्यांना धवले तोंडपाठ आहेत त्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. शूटिंगवाल्याने यजमानांना सांगून पंधरा मिनिटं डीजे बंद करून घ्यावा, माइक तिच्याजवळ ठेवावा, कॅमेरा एका जागी रोखावा आणि धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग घ्यावा. त्यावर पार्श्वसंगीत घालू नये, तुकडे करू नयेत. सगळ्या चित्रीकरणातला एवढाच भाग अखंड ठेवला तरी यजमानांचे पैसे वसूल झाले.

निकाह

कोकणी मुसलमान घरांतल्या लग्नात पुरुषांची आणि बायकांची बसण्याची व्यवस्था सहसा वेगळी असते, म्हणून फोटोचं काम मुळातच दोघांचं. बायकांच्या बाजूला बाई फोटोग्राफरच हवी अशी अनेक घरांची अपेक्षा असते; ती ऐनवेळी सापडत नाही, बोलणी करतानाच ठरवावी. कोणत्या खोलीत कॅमेरा चालेल, कुणाचे फोटो नकोत, मोबाइलवर कुणाला पाठवायचे नाहीत, हे घरातल्या मोठ्या माणसाकडून स्पष्ट करून घ्यावं आणि अक्षरशः पाळावं.

निकाहाचा गाभा अगदी थोड्या वेळात होतो: वकील आणि साक्षीदार नवरीकडून संमती घेऊन येतात, काझी खुतबा वाचतात, नवरा मेहेर मान्य करून कबुली देतो, निकाहनाम्यावर सह्या होतात, खजूर वाटले जातात, गळाभेटी सुरू होतात. इथे गडबड नको, फ्लॅश नको, दुआ चालू असताना हालचाल नको. सही करणारे हात, नवऱ्याच्या वडिलांचा चेहरा, गळाभेटी एवढ्यावर लक्ष ठेवावं. आखातात नोकरीला असलेले भाऊ-मामा त्या वेळी कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ कॉलने हजर असतात. तो मोबाइल हातात धरलेला फोटो अवश्य घ्यावा, घरची माणसं त्यातही आहेत.

किनाऱ्यावरचं लग्न

दिवेआगर, आरावी, शेखाडी या पट्ट्यात रिसॉर्टवरची लग्नं आणि लग्नाआधीची चित्रीकरणं वाढली आहेत. पाहुणे थोडे, सजावट नेमकी, वेळापत्रक घड्याळावर. किनारा पश्चिमेकडे बघणारा, म्हणून सगळ्यांना सूर्यास्त हवा. तो डिसेंबरच्या मध्याला सहाच्या जरा नंतर होतो आणि मेच्या मध्याला सातच्या जरा नंतर. पत्रिकेवर वेळ छापण्याआधी हे बघायला हवं.

सूर्यास्ताइतकीच भरती महत्त्वाची. कोकणातला जुना ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती; पुळण पाण्याखाली, मंडपासमोर लाटा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि संध्याकाळी ओहोटी. ओली वाळू दूरवर उघडी पडते आणि आकाशाचा रंग तिच्यात उतरतो. फोटोसाठी हीच वेळ उत्तम. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी.

सूर्याकडे पाठ करून जोडपं उभं राहिलं की चेहरे काळे पडतात. हातातला लहान दिवा किंवा फ्लॅश अगदी कमी ताकदीने वापरावा, नाहीतर सरळ काळ्या आकृतीच घ्याव्यात. आणि सूर्य बुडाल्यावर सामान आवरू नये. पुढची पंधरा-वीस मिनिटं चेहऱ्यांसाठी सूर्यास्ताहून चांगली असतात.

दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात. पिल्लं रात्री उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या दिशेने निघतात. प्रखर दिव्यांनी ती भलतीकडे वळतात. त्या महिन्यांत रात्री वाळूवर फ्लडलाइट लावून चित्रीकरण करणं योग्य नाही. फोटोवाल्यानेच ‘नको’ म्हणावं.

ड्रोनचंही तसंच. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालकाकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं आणि हिरव्या क्षेत्रातही 400 फुटांची मर्यादा आहे. 1993 साली शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली, तेव्हापासून हा किनारा सुरक्षा यंत्रणांच्या नजरेत आहे. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात आधी कळवूनच ड्रोन वर न्यावा.

पंचवीस माणसांचं लग्न

कोरोनाच्या साथीत, एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, त्याच्या आधीच्या वर्षी 50 माणसांची होती. नाइलाजाने झालेल्या त्या लग्नांनी एक गोष्ट दाखवून दिली: माणसं कमी असली की प्रत्येकाचा चेहरा टिपता येतो आणि रडणं-हसणं गर्दीत हरवत नाही. आज हौसेने लहान लग्न करणाऱ्यांसाठी तोच धडा आहे. एक फोटोवाला, दोन लेन्स, स्टेज नाही, ‘इकडे बघा’ नाही.

नोंदणी विवाह त्याहून छोटा. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवस आधी नोटीस आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. कार्यालयात फोटोला वेळ थोडा मिळतो, जागा त्याहून थोडी. तिथे सह्यांचे दोन-तीन फोटो घ्यावेत आणि मग घरी जाऊन, जेवताना, दारात, देवापुढे अर्धा दिवस सावकाश काम करावं. या लग्नांना कमी पैशात उरकायचं काम समजणारे फोटोवाले आहेत. मला ते पटत नाही. इथे लपायला बँड नसतो, रोषणाई नसते, फोटोवाल्याची नजर तेवढी असते.

खारी हवा

किनाऱ्यावर काम करणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावी. आणि काम संपल्यावर त्याच रात्री कॅमेरा किंचित ओल्या कापडाने पुसून मग कोरडा करावा, नाहीतर मीठ सांध्यांत शिरतं. वाळूत लेन्स बदलू नये. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटऱ्या आदल्या रात्रीच भरून ठेवाव्यात.

अल्बम आणि ओल

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. कौलं, पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी कपाटातले अल्बमही भिजतात. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवावेत, आपोआप सुटू द्यावेत आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून वाळवावेत. ऊन दाखवलं की ते वळतात.

पेनड्राइव्हवर विसंबू नये. फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात, मुंबईच्या भावाकडे असली तरी चालेल. जाड करिझ्मा अल्बम देखणा असतो, पण त्याची पानं एकमेकांना चिकटली की दोन्ही बाजू जातात; म्हणून निवडक तीस-चाळीस फोटोंच्या सुट्या प्रती वेगळ्या काढाव्यात. मागे मऊ पेन्सिलीने तारीख, वाडी आणि डावीकडून उजवीकडे नावं.

बयाणा देण्याआधी

फोटोंचा हक्क कुणाचा यावर लग्नानंतर वाद होतात, तेव्हा कायदा माहीत असावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार काम सांगणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे यजमानांचे फोटो फोटोवाल्याने जाहिरातीला वापरायचे तर परवानगी लेखी हवी. उलट फोटोवाल्याने करारात हक्क स्वतःकडे ठेवले असतील तर यजमानांनी ते वाचूनच सही करावी.

कागदावर इतकं तरी असावं: कोणते दिवस आणि विधी, दोन कॅमेरे की तीन, बायकांच्या बाजूला कोण, किती फोटो सुधारून मिळणार, अल्बम कधी, कच्च्या फाइली मिळणार का आणि फोटोवाला त्या स्वतःकडे किती महिने ठेवणार, कोणते फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे आणि कोणते मुळीच नाहीत, पाऊस किंवा वादळामुळे तारीख पुढे गेली तर बयाण्याचं काय. फोटोवाल्याच्या आणि त्याच्या मदतनिसांच्या जेवणाची वेळही त्यातच लिहून टाकावी: पहिल्या पंगतीला; म्हणजे मग विहिणींची पंगत बसते तेव्हा ते कॅमेरा घेऊन मोकळे असतात.